हरला तो उठला

१

प्लास्टर घट्ट व्हायला पाऊण तास लागतो आणि त्याला घाई केलेली चालत नाही. दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून पेशंटच्या जबड्याचं माप यायचं, कवळीवाले त्यात प्लास्टर ओतायचे, आणि मग पाऊण तास हातावर हात ठेवून बसायचं. तरुणपणी हा वेळ सिगरेटीत जायचा, नंतर वर्तमानपत्रात. गेली दोन वर्षं तो फोनवरच्या बुद्धिबळात जात होता. दोघांनाही दहा-दहा मिनिटांचं घड्याळ लावलं की तेवढ्यात दोन डाव आरामात व्हायचे.

सगळी गल्ली त्यांना कवळीवाले म्हणायची. त्यांचा कारखाना म्हणजे राहत्या घराच्या वर, पहिल्या मजल्यावरची एक लांबट खोली. एका टोकाला उत्तरेची खिडकी, तिच्याशी त्यांचं टेबल आणि वेताच्या बैठकीची, हातांची खुर्ची. दुसऱ्या टोकाला ट्यूबलाइटखाली एक स्टूल, त्यावर त्यांची लेक. अकरा वर्षं ती तिथे बसून मेणात दात रचत होती आणि बापापेक्षा सरस रचत होती, हे बापालाही ठाऊक होतं. पण खिडकीची जागा नुसती मानाची नव्हती. दाताचा रंग दिव्याखाली खोटा दिसतो; खरा रंग उत्तरेच्या उजेडातच कळतो. त्यामुळे खिडकीशी बसेल त्याचा शब्द शेवटचा, आणि तिथे कवळीवाले बसत.

माणूस हाताचा चोख, बोलायला गोड. फक्त हरायला येत नसे. तरुणपणी क्लबात खेळायचे तेव्हा हरल्यावर कधी उजेड डोळ्यांवर आलेला असायचा, कधी समोरचा पाय हलवत असायचा. फोनवर असली कारणं चालत नाहीत, म्हणून त्यांनी दुसरा उपाय काढला होता. डाव हातचा गेला की फोन टेबलावर पालथा घालायचा आणि उरलेली मिनिटं संपेपर्यंत समोरच्याला ताटकळत ठेवायचं. पडलो तरी नाक वर.

"बाबा, त्यात राजीनाम्याचं बटण आहे," लेक म्हणायची. "चावत नाही ते."

"घड्याळात वेळ शिल्लक असताना का सोडू? नियमात बसतं."

"नियमात बसतं हो. रीतीत बसत नाही."

यावर कवळीवाल्यांना एकदम प्लास्टर तपासायची आठवण व्हायची.

२

पाहुणा पहिल्यांदा भेटला तो एका दुपारी. ज्यांनी नाव नोंदवलेलं नसतं त्यांना तो खेळ आपलं आपणच 'पाहुणा' म्हणतो, त्यात विशेष काही नव्हतं. विशेष होतं ते त्याचं हरणं.

अठराव्या चालीला त्याचा वजीर गेला. इथे बहुतेक लोक चिडतात, नाहीतर गुपचूप निघून जातात. पाहुणा बसून राहिला. राजाभोवती उरलेली तीन प्यादी त्यानं इतक्या विचारानं रचली, की जिंकत असलेल्या कवळीवाल्यांना घाम फुटला. मग त्यांना घोड्याची एक चाल सापडली. समोरचं घड्याळ अर्धं मिनिट नुसतं चाललं. आणि खाली अक्षरं उमटली:

"ही चाल मला दिसलीच नव्हती. फार सुंदर. डाव तुमचा. आभार."

कवळीवाले फोनकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांना कुणी 'फार सुंदर' म्हटलं नव्हतं. निदान हरणाऱ्यानं तरी नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणाच आला, तिसऱ्या दिवशीही. रोज हरायचा आणि रोज वेगळ्या तऱ्हेनं हरायचा, पण वागणूक तीच. फुकट खेचाखेची नाही. हार दिसली की ती मान्य, आणि त्याआधी शेवटच्या प्याद्यापर्यंत झुंज. चुकून कवळीवाल्यांचं बोट भलत्या घरावर पडलं, तर त्यांना सावरता यावं म्हणून तोही मुद्दाम एक साधी चाल खेळायचा. कवळीवाले लेकीला म्हणाले, "असा माणूस मी पाहिला नाही. जिंकणारे छप्पन्न सापडतात. हरणारा हा एकच."

"शिका मग काहीतरी," लेक मेणाची सुरी पुसत म्हणाली.

३

मग कवळीवाल्यांनी एक चूक केली. चूक म्हणजे काय, क्लबात वाढलेला कुठलाही बुद्धिबळवाला करेल ती. जुन्या दिवसांच्या गप्पा मारल्या.

पाहुणा नुकताच हरला होता. कवळीवाल्यांनी बोटानं टपटप करत लिहिलं, "आमच्या क्लबात चार खुर्च्या आणि वीस माणसं. म्हणून रीत अशी, की हरला तो उठला. उठून हात मिळवायचा आणि जागा द्यायची. जिंकला तो बसून राहायचा, समोर पुढचा यायचा. दिवसभर कुणी हरवलं नाही तर दिवसभर खुर्ची त्याची."

कवळीवाल्यांनी तोवर प्लास्टरला बोट लावून पाहिलं.

"चांगली रीत आहे," पाहुण्यानं लिहिलं. "मी पाळीन. मी उठतो."

त्याच क्षणी वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली. फरशीवर लाकडाचे चार पाय मागे ओढले जातात तसा लांब, खरखरीत आवाज. त्यामागून तीन पावलं. मग काही नाही.

कवळीवाल्यांनी वर पाहिलं. लेक मशीनवर पॉलिश करत होती, तिच्या कानांत त्या मशीनचाच आवाज भरलेला. "वरची खोली दिली वाटतं भाड्यानं," ते मोठ्यानं म्हणाले.

"छे. शिकवणी बंद झाली तेव्हापासून रिकामीच आहे."

पाइप असेल, त्यांनी मनाशी ठरवलं. दुपारी टाकीत पाणी चढतं तेव्हा पाइप कसलेही आवाज काढतात.

४

पाइप रोज बरोबर पाहुणा हरल्यावरच आवाज काढतो, हे मान्य करायला त्यांना आठवडा लागला. 'मी उठतो' अशी अक्षरं उमटायची आणि वर खुर्ची सरकायची. त्याआधीही नाही आणि नंतरही नाही. एकदा त्यांनी परीक्षा म्हणून तासभर डावच लावला नाही. वर चिडीचूप.

शेवटी त्यांनी मालकाकडून किल्ली मागून घेतली. वर खिडक्या बंद, भिंतीवर फळ्याची काळी चौकट, आणि जमिनीवर बोटभर धूळ. खुर्ची नव्हती. स्टूलदेखील नव्हतं. धुळीवर त्यांच्या स्वतःच्या चपलांखेरीज एक रेघ नव्हती. भर दुपारी त्या खोलीत उभं राहून ते बराच वेळ ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांच्या लक्षात आलं, की पावलांबद्दल आपण नीट विचार केलेला नाही.

पहिल्या दिवशी खुर्ची खिडकीच्या वर सरकली होती आणि पावलं तीन पडली होती. दुसऱ्या दिवशी खुर्ची सरकली ती जिथे पावलं थांबली तिथून. पुन्हा तीन पावलं. तिसऱ्या दिवशी तिथून पुढे. आठवड्याभरात आवाज वरच्या दाराशी आला होता.

खाली येऊन त्यांनी किल्ली परत केली आणि पेलाभर पाणी प्यायले. त्या दुपारी पाहुणा पुन्हा हरला. आवाज जिन्यातून आला.

खरं तर इथे शहाण्या माणसानं फोन कपाटात ठेवला असता. कवळीवाल्यांच्याही मनात ते आलं. पण दुसरंही मनात आलं, आणि ते जास्त जोरकस होतं. हा जो कोणी आहे, त्यानं आजवर एक वावगा शब्द काढलेला नाही. पाठोपाठ इतक्या वेळा हरून ज्याच्या बोलण्याला आंबूस वास येत नाही, त्याला काय भ्यायचं? आपल्या ओळखीतली चांगली धट्टीकट्टी माणसं याच्या पायाशी बसायच्या लायकीची नाहीत.

५

त्याच सुमारास डॉक्टरीणबाईंचा फोन आला. कवळी परत पाठवली होती, दोन महिन्यांतली तिसरी.

"दात पिवळे आलेत हो," त्या म्हणाल्या. "बसायला छान बसते. रंगच चुकतोय. डोळे तपासून घ्या एकदा. आणि तोपर्यंत रंग मुलीला बघू द्या ना. आता पुन्हा असं झालं तर मला दुसरीकडे द्यावं लागेल काम, आणि ते मला आवडणार नाही."

कवळीवाल्यांनी परत आलेली कवळी खिडकीत धरली. त्यांना ती ठीक दिसत होती. हेच वाईट होतं.

लेकीनं ती त्यांच्या हातातून घेऊन मुकाट दुरुस्तीला लावली. तिचा स्वभावच तो. बारा वर्षांची असताना तिनं एकदा बापाला हरवत आणलं होतं. दोन चालींत मात होती. कवळीवाले 'पाणी पिऊन येतो' म्हणून उठले ते आलेच नाहीत. पोर जेवणाच्या वेळेपर्यंत पटाशी बसून होती. मग तिनं सोंगट्या डब्यात भरल्या, डबा जागेवर ठेवला, आणि त्यानंतर कधी डाव मागितला नाही. रुसलीही नाही. रुसली असती तर बरं झालं असतं, असं कवळीवाल्यांना आता वाटायचं.

आता प्रश्न तोच होता, फक्त पट बदलला होता. खुर्ची लेकीला द्यायची की डॉक्टरीणबाईंचं काम जाईपर्यंत तिथे बसून राहायचं. द्यायला हवी, हे त्यांना कळत होतं. "बघू पुढच्या महिन्यात," असं ते रोज म्हणत होते. घड्याळात वेळ शिल्लक होता ना.

अशाच एका दुपारी ते पाहुण्याकडून पहिल्यांदा हरले. हरले म्हणजे, हरायला आले. हत्ती गेला, राजा उघडा पडला, आणि सवयीनं त्यांनी फोन पालथा घातला. चार मिनिटं. त्या चार मिनिटांत खोलीच्या दाराशी, आतल्या बाजूला, लाकूड हळूच करकरलं. कुणीतरी बसल्या जागी सावरून बसावं तसं. दाराशी बसायला काहीच नव्हतं.

वेळ संपल्यावर त्यांनी फोन उलटला.

"तुम्ही उठला नाहीत," पाहुण्यानं लिहिलं होतं. "असो. उद्या खेळू."

कवळीवाल्यांना भीती वाटली, हे खरंच. पण त्याहून जास्त वाटली ती लाज. साठीला टेकलेला माणूस, आणि त्याला वागायचं कसं ते एक पाहुणा शिकवतोय, तेही न रागावता.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लेकीला हाक मारली. "बयो, दुपारपासून खिडकीशी तू बस."

ती स्टुलावरून वळली. "तुम्ही?"

"मी तुझ्या जागेवर. प्लास्टर ओततो, घासतो. रंग तू ठरव. रंग तुझाच खरा येईल."

लेकीनं हातातलं काम खाली ठेवलं. डोळे भरले होते, पण ती रडणाऱ्यांतली नव्हे. "बाबा," ती म्हणाली, "हे सोपं नाही, मला माहीत आहे." मग नाक पुसून म्हणाली, "डॉक्टरीणबाईंकडे देऊन येते हे. आले की बसते."

ती गेली. खोलीत प्लास्टरचा ओला वास होता. समोर नुकतंच ओतलेलं माप. पाऊण तास. कवळीवाल्यांना वाटलं, या खुर्चीतला शेवटचा डाव, तो पाहुण्याशीच व्हावा. आणि जिंकू किंवा हरू, आज रीतीनं.

असा डाव त्यांनी आयुष्यात खेळला नव्हता. पाहुणा आज वेगळाच खेळत होता. इतके दिवस तो हरत का होता, असा प्रश्न पडावा असं. त्याचे उंट लांबून, कुणाच्या अध्यात ना मध्यात, उभे राहायचे आणि दहा चालींनी कळायचं की पट त्यांनी केव्हाच कापून ठेवलाय. कवळीवाल्यांनी जीव ओतला. शेवटच्या प्याद्यापर्यंत झुंजले. मग दिसलं, की झालं.

घड्याळात पाच मिनिटं होती. बोट फोन पालथा घालायला निघालं आणि थांबलं. त्यांनी राजीनाम्याचं बटण दाबलं. ते खरंच चावत नव्हतं.

"उंटांचा खेळ फार सुंदर," त्यांनी लिहिलं. "डाव तुमचा. आभार. मी उठतो."

आणि ते उठले. खुर्ची मागे सरकली, नेहमीचाच आवाज झाला. छाती हलकी झाली होती. एवढंच असतं तर हरणं, त्यांना वाटलं, आणि आपण याला जन्मभर भ्यालो. वेड्यासारखं हसून त्यांनी टेबलावरून समोरच्या रिकाम्या जागेत हात पुढे केला, क्लबात करायचे तसा.

हात कुणीतरी धरला.

घट्ट होताना प्लास्टर तापतं, ती ऊब त्यांच्या तळव्याला चाळीस वर्षं ओळखीची होती. तशीच ती ऊब होती. पकड घट्ट नाही, सैल नाही. जितका वेळ धरावा तितकाच वेळ धरून, सभ्यपणे सोडून दिला.

७

टेबलाला वळसा घालून तीन पावलं पडली. कवळीवाले भिंतीला टेकले. खुर्चीच्या बैठकीतला वेत मधोमध खाली गेला आणि करकरला. मग सावकाश आणखी थोडा खाली गेला, जसा बराच काळ उभा राहिलेला माणूस अंग सोडून बसल्यावर जातो. खुर्चीच्या हातावर प्लास्टरची पांढरी भुकटी होती. ती एका जागी दबली. बोटं टेकली होती. कवळीवाल्यांनी ती मोजायला सुरुवात केली आणि मध्येच मोजणं सोडून दिलं.

हातातल्या फोनवर अक्षरं उमटली.

"आभार. असं मनापासून उठणारा क्वचित भेटतो."

आणि त्याखाली, जरा थांबून:

"पुढचं कोण?"

जिन्यात चपला वाजल्या. लेकीच्या. ती दोन-दोन पायऱ्या चढत होती. मोठी झाल्यापासून ती अशी चढलेली त्यांना आठवत नव्हती. दारात आली तेव्हा तिच्या हातात तिच्या सुऱ्यांचा डबा होता, बहुतेक येतानाच कोपऱ्यावरून त्यांना धार लावून आणली होती.

"बसू?" तिनं विचारलं.

कवळीवाले मध्ये आले. "आज नको."

"का?"

काय सांगणार? खुर्ची हलवून तिला खाली चटईवर बसवता आलं असतं, पण खिडकी एकच होती आणि तिच्याशी आता कोण बसलंय हे त्यांना ठाऊक होतं. खरं सांगावं तर ती हसेल, आणि हसत हसत जाऊन बसेल. हरला तो उठला, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. समोर पुढचा यायचा, हेही.

"आज नको म्हटलं ना," ते म्हणाले. "बघू पुढे."

लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला, पण क्षणभरच. जे दिसलं ते तिला पूर्वीपासून ओळखीचं होतं: बाप पुन्हा फोन पालथा घालत होता. तिनं डबा काखेत धरला.

"बरं," ती म्हणाली, आणि आवाजात कडवटपणाचा थेंब नव्हता. "सकाळी तुम्ही बोललात ना, तेच पुष्कळ. खरंच. खाली जाऊन चहा टाकते, तुमचाही."

ती गेली. साऱ्या जगात हरायला येतं असा एकच जण, असं ते लोकांना सांगत फिरले होते, आणि अकरा वर्षं दुसरी याच खोलीत ट्यूबलाइटखाली बसली होती.

ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि तिच्या स्टुलावर बसले. पाठीला आधार नव्हता. समोरच्या ताटलीत दात मांडले होते. त्या उजेडात एकाचाही रंग कळत नव्हता. इथे बसून तिनं इतकं काम केलं कसं, देव जाणे.

त्यांनी हात पँटला पुसले आणि लिहिलं, "पुढचाही मीच."

"आनंद आहे," उत्तर आलं. "मात्र आता मी सहजी उठणार नाही, हे आधीच सांगतो. फसवल्यासारखं वाटू नये."

"खुर्ची माझ्यासाठी मागत नाही," कवळीवाल्यांनी लिहिलं.

उत्तरेचा उजेड रिकाम्या खुर्चीवर पडला होता आणि दबलेला वेत लख्ख दिसत होता.

"तिला सकाळी म्हणालात ते मी ऐकलं," पाहुण्यानं लिहिलं. "गुणी आहे हो मुलगी तुमची. तिच्याशीही खेळायला आवडेल."

कवळीवाल्यांनी राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं आणि घड्याळ चालू केलं. खालून कपबशांचा आवाज आला. चहा व्हायला दहा मिनिटं लागतात.